जुनं अलॉय व्हील घरी पॉलिश करायचंय? आधी चाक तपासा, मग चमकवा

इन्स्टावर काळंकुट्ट, खरवडलेलं अलॉय व्हील तीस सेकंदांत आरशासारखं होतं. ते रील बघून आपल्यालाही वाटतं, रविवारी हे उरकून टाकू. काम खरंच घरी होण्यासारखं आहे. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पण डिग्री इंजिनिअरिंगची आहे. गेली काही वर्षं सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांची चाकं घासतोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: पॉलिश हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. चाक ठेवण्याच्या लायकीचं आहे की भंगारात घालायच्या, हे ठरवणं हाच खरा भाग. आणि नेमकं तेच रीलमध्ये दिसत नाही.

या लेखात आपण जुनं अलॉय किंवा रेसिंग व्हील कसं ओळखायचं, कसं तपासायचं, रंग कसा काढायचा, कोणत्या क्रमानं घासायचं आणि पुण्याच्या पावसात ती चमक कशी टिकवायची, हे टप्प्याटप्प्यानं बघू.

अलॉय, मॅगव्हील, रेसिंग व्हील: फरक काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये सगळ्याच अलॉय चाकांना ‘मॅगव्हील’ म्हणतात. हे नाव मॅग्नेशियमवरून आलं. पूर्वी रेसिंगच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असायची, म्हणून नाव चिकटलं. आज रस्त्यावर दिसणारी जवळजवळ सगळी ‘मॅगव्हील’ प्रत्यक्षात ॲल्युमिनियमची असतात.

बनवण्याच्या पद्धतीनुसार तीन मुख्य प्रकार आहेत:

• कास्ट: वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतून बनवलेलं. बाइक आणि कारची बहुतेक चाकं अशीच असतात. यात साधारण ए३५६ हा मिश्रधातू वापरतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं.

• फ्लो फॉर्म: आधी कास्ट करायचं, मग फिरवत ठेवून रोलरच्या दाबानं बाहेरचा पिंपासारखा भाग लांबवायचा. त्यामुळे तो भाग पातळ पण मजबूत होतो.

• फोर्ज्ड: ॲल्युमिनियमचा घट्ट ठोकळा प्रचंड दाबाखाली दाबून बनवलेलं. हे सगळ्यात मजबूत, सगळ्यात हलकं आणि सगळ्यात महाग.

‘रेसिंग व्हील’ म्हणजे नुसती डिझाइन नाही, त्यात वजन महत्त्वाचं. जपानच्या रेज कंपनीचं १९९६ साली आलेलं टीई३७ हे चाक प्रसिद्ध आहे. त्यातला ३७ हा आकडा वजनावरून आलाय: १५ इंच व्यास आणि ६ इंच रुंदीचं चाक फक्त ३.७ किलोचं. आता सेकंडहँड बाजारात कोणी तुम्हाला सहा स्पोकचं ‘टीई३७’ दाखवलं, तर बॅग मोजायचा लगेज काटा अडकवून वजन करा. त्याच साइजचं चाक सात-आठ किलो भरलं तर ती डिझाइनची नक्कल आहे. नक्कल वापरूच नये असं नाही, पण रेसिंगच्या चाकाची किंमत देऊ नका.

पुणं आणि अलॉय चाकं

पुणेकरांसाठी हा विषय घरचाच आहे. बजाजची पल्सर २००१ साली आली तेव्हा तिला तारांची चाकं होती. पुढच्या काही वर्षांत अलॉय आले आणि कॉलेजच्या पार्किंगचं रूपच बदललं. त्या काळातल्या कितीतरी बाइक आज रंग उडालेल्या, कडा खरवडलेल्या अलॉयवर धावताहेत.

रेसिंगच्या जगातलं मोठं नाव असलेल्या एन्केई या जपानी कंपनीचा कारखाना आपल्या जिल्ह्यात, शिक्रापूरला आहे. याच कंपनीनं १९९५ पासून मॅकलॅरेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांना चाकं पुरवली. आणि चाकांच्या चाचण्या जिथे होतात ती एआरएआय ही संस्था (स्थापना १९६६) तर आपण ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातो तिथेच आहे. चाकाच्या तीन चाचण्या महत्त्वाच्या: वळणावरचा ताण पुन्हा पुन्हा देणं, वरून भार टाकून लाखो वेळा फिरवणं, आणि चाक तिरकं धरून वरून वजन आपटणं. शेवटची चाचणी म्हणजे खड्डा किंवा फुटपाथची कड.

या चाचण्यांत ‘लाखो वेळा’ का, ते समजून घ्या. साध्या १७ इंची चाकाचा टायरसकट परीघ १.९ मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५२० फेरे. जुन्या हायवेनं एकदा मुंबईला गेलात, तर चाकाचा प्रत्येक स्पोक ७५ हजारांहून जास्त वेळा ताण खातो. पोलादाला एक मर्यादा असते. ताण त्याखाली राहिला, तर ते जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक फेरा थोडा थोडा जमा होत जातो. म्हणूनच केसाएवढी चीर आज निरुपद्रवी दिसली, तरी ती थांबत नाही, वाढतेच.

टप्पा १: विकत घेताना काय बघायचं

पुण्यात जुनी चाकं मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, आणि ऑनलाइन जाहिराती. कुठेही घ्या, पण आधी चाकाच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. सगळी खरी माहिती मागे असते.

• साइज: ‘१५ बाय ६ जे’ म्हणजे व्यास १५ इंच, रुंदी ६ इंच आणि ‘जे’ हा कडेचा आकार.

• ईटी: चाक आत-बाहेर किती सरकलेलं बसेल त्याचा मिलिमीटरमधला आकडा. हा चुकला तर टायर मडगार्डला किंवा सस्पेन्शनला घासतो.

• पीसीडी: बोल्टच्या भोकांचं वर्तुळ. स्विफ्टला ४ बाय १००, क्रेटाला ५ बाय ११४.३. ‘थोडंसं ओढून बसेल’ असं कोणी म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

• खुणा: जेडब्ल्यूएल ही जपानच्या अलॉय चाकांच्या मानकाची खूण. भारतीय चाकांवर आयएसआय खूण शोधा. नुसती खूण म्हणजे हमी नाही, कारण नकलेवरही ती ओतता येते. पण एकही खूण नसेल, तर चाक घेऊच नका.

चाकाचा रंग अगदी नवा आणि किंमत अगदी कमी असेल, तर जास्त सावध व्हा. माझ्या एका मित्रानं चकचकीत चंदेरी रंगाची चार चाकं आणली होती. रंग काढल्यावर एका चाकाच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचं वेल्डिंग निघालं, वरून घासून सपाट केलेलं. उरलेली तीन वापरली, ते एक कापून भंगारात दिलं. कापून अशासाठी, की ते पुन्हा कोणाच्या गाडीला लागू नये.

वेल्डिंगला एवढं का घाबरायचं? कारखान्यात ए३५६ ची चाकं आधी साधारण ५४० अंश सेल्सिअसला तापवतात, मग पटकन थंड करतात आणि पुन्हा १५०-१६० अंशांना काही तास ठेवतात. चाकाची ताकद या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूच्या पट्ट्यात ही ताकद पुसली जाते. चीर भरलेली दिसते, पण तिच्या शेजारचा भाग मऊ झालेला असतो.

टप्पा २: तपासणी, मोबाइलच्या मदतीनं

टायर पंक्चरवाल्याकडून किंवा अलाइनमेंटच्या दुकानातून मशीनवर काढून घ्या. घरी पहार लावून काढायला गेलात, तर चाकाच्या कडेला नवे ओरखडे पडतील. बाइकचं चाक असेल तर डिस्क, बेअरिंग आणि मागचे रबरही काढून घ्या. मग साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवा.

१. टॉर्च आडवा धरा. अंधारात मोबाइलचा टॉर्च चाकाच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा आणि दुसऱ्या मोबाइलनं मॅक्रो मोडमध्ये बघा. समोरून न दिसणारी चीर अशा प्रकाशात सावली टाकते. बोल्टची भोकं, स्पोक जिथे सुरू होतो तो कोपरा आणि आतली कड या तीन जागा सोडू नका.

२. टिचकी मारा. माठ घेताना आपण टिचकी मारून आवाज ऐकतो, तसंच. चाक दोरीनं टांगा आणि लाकडी दांड्यानं हलकेच वाजवा. चांगलं चाक घंटेसारखं थोडा वेळ घुमतं. एकाच मॉडेलची दोन चाकं असतील, तर ऑडिओ स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपवर दोन्हींची तुलना करा. एकाचा आवाज बद्द आला, तर संशय घ्या. नुसत्या आवाजावर चाक पास मात्र करू नका.

३. तेल आणि खडू. संशयित जागेवर पातळ तेल लावून अर्धा तास ठेवा, पूर्ण पुसून घ्या आणि वर खडूची भुकटी चोळा. चिरेत राहिलेलं तेल खडूत उतरून रेघ उमटते. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी याच तत्त्वावर भाग तपासत. आजची सुधारित पद्धत म्हणजे डाय पेनिट्रंट: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर असे तीन स्प्रे. कारचं किंवा वेगात वापरायचं चाक असेल, तर ही चाचणी कराच.

४. स्लो मोशननं वाक मोजा. चाक ॲक्सलवर बसवा, कडेजवळ पेनाची रिफिल टेपनं स्थिर चिकटवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि चाक फिरवून १२० किंवा २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. कड आणि रिफिल यांतलं अंतर किती कमी-जास्त होतं, ते फ्रेमनुसार वाचता येतं. बऱ्याच मोटरसायकलींच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आडवी आणि उभी मर्यादा २ मिमी असते. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

५. मॅग्नेशियम आहे का? जुनं, फार हलकं रेसिंग व्हील असेल, तर मागच्या बाजूला छोटी जागा खरवडून पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. मग घरी हात लावू नका. त्याचा भुसा सहज पेट घेतो आणि पेटल्यावर पाणी टाकलं तर आग भडकते.

चीर, वेल्डिंग, मर्यादेपलीकडचा वाक, बोल्टचं लांबट झालेलं भोक यांपैकी काहीही सापडलं, तर पुढचे टप्पे वाचू नका. चाक भंगारात द्या. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवं बनवण्याच्या साधारण ५ टक्केच ऊर्जा लागते, त्यामुळे ते वाया जात नाही.

टप्पा ३: पृष्ठभाग ओळखा

कापडावर थोडं मेटल पॉलिश घेऊन एका कोपऱ्यात चोळा. कापड काळं झालं तर धातू उघडा आहे. काळं झालं नाही तर वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर आहे, आणि तो काढल्याशिवाय खालच्या धातूला पॉलिश लागणारच नाही. क्रोम केलेलं चाक असेल आणि क्रोम सुटायला लागलं असेल, तर ते घासू नका. त्या पापुद्र्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

टप्पा ४: रंग काढणं

ॲल्युमिनियमला चालेल असं लेबलवर लिहिलेलं पेंट रिमूव्हर जेल घ्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ते, वॉटर पेपर आणि बफ सगळं एका फेरीत मिळतं. हातात जाड नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि काम उघड्यावर. बंद बाथरूममध्ये अजिबात नाही. जेल लावून थांबा, रंग फुगला की प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. लोखंडी खरवडणी वापरू नका.

या तीन गोष्टी चुकूनही वापरू नका:

• कॉस्टिक सोडा. पाइप साफ करायची ही पावडर ॲल्युमिनियमला अक्षरशः खाते, आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

• टॉयलेट क्लीनर किंवा ‘व्हील ॲसिड’. चाक काही मिनिटं पांढरं दिसतं, मग खड्डे पडतात. काही व्हील ॲसिडमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते त्वचेतून आत जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही.

• आग. चाक भट्टीत टाकून रंग जाळणारे लोक आहेत. वर सांगितलेली उष्णतेची प्रक्रिया आठवा. रंगाबरोबर ताकदही जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

टप्पा ५: घासणं, म्हणजे खरं काम

फुटपाथला घासून आलेले ओरखडे आधी बारीक कानशीनं आणि मग पेपरनं सपाट करा. खोली साधारण १ मिमीपर्यंत असेल तरच. त्याहून खोल असेल, तर तो डाग तसाच राहू द्या. शोभेसाठी धातू कमी करणं हा तोट्याचा सौदा आहे. इपॉक्सी भरून लेव्हल करता येतं, पण ते फक्त रंगाखाली लपतं. पॉलिश केलेल्या चाकावर तो ठिपका कायम दिसतो.

मग वॉटर पेपर, पाण्यात एक थेंब साबण टाकून. पेपरचा नंबर जितका मोठा, तितके कण बारीक. युरोपियन ‘पी’ मालिकेत कणांचा सरासरी आकार साधारण असा असतो:

पी ३२०: ४६ मायक्रॉन
पी ४००: ३५ मायक्रॉन
पी ६००: २६ मायक्रॉन
पी ८००: २२ मायक्रॉन
पी १०००: १८ मायक्रॉन
पी १५००: १३ मायक्रॉन
पी २०००: १० मायक्रॉन

प्रत्येक पेपरचं काम एकच: आधीच्या पेपरच्या रेघा पुसणं आणि त्याजागी स्वतःच्या बारीक रेघा ठेवणं. कोडिंगच्या भाषेत, मागच्या व्हर्जनचे बग निघाल्याशिवाय पुढचं रिलीज करायचं नाही. ३२० वरून थेट १००० वर उडी मारली, तर ३२० च्या खोल रेघा तशाच राहतात. मॅट असताना त्या दिसत नाहीत, पॉलिश केल्यावर सगळ्या वर येतात.

यावर सोपी युक्ती म्हणजे दिशा बदला. ३२० उभा घासलात, तर ४०० आडवा घासा. एकही उभी रेघ दिसेनाशी झाली की पुढचा नंबर. दर टप्प्याला चाक धुऊन, पुसून, टॉर्च आडवा धरून फोटो काढा. डोळे थकतात आणि ‘चालेल’ म्हणतात. झूम केलेला फोटो तसं म्हणत नाही. एका बाइकच्या चाकाला मला पाच-सहा तास लागतात, तेही दोन दिवसांत मिळून.

ओलं घासण्यामागे दुसरंही कारण आहे. ॲल्युमिनियमची कोरडी बारीक भुकटी पेट घेऊ शकते, आणि फुफ्फुसांसाठीही ती वाईटच. लोखंड कापलेली ग्राइंडरची चकती ॲल्युमिनियमवर वापरू नका. लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पावसाळ्यात तिथे डाग फुटतात. घासल्यावर उरलेला राखाडी गाळ नालीत सोडण्याऐवजी बादलीत बसू द्या आणि सुकवून कचऱ्यात द्या. सोसायटीचे सेक्रेटरीही शांत राहतील.

या जागांना पेपर लावायचाच नाही: टायरची कड जिथे बसून हवा धरते ती पट्टी, बोल्टची शंकूसारखी बैठक, बेअरिंगचं घर, आणि चाक हबला टेकतं तो सपाट भाग. यांची मापं मिलिमीटरच्या लहान अंशात ठरलेली असतात. त्यांवर मास्किंग टेप लावून टाका.

टप्पा ६: बफिंग

ड्रिल मशीनला ३-४ इंची कापडी बफ लावा आणि त्यावर बफिंग कंपाउंडची वडी टेकवून फिरवा. आधी तपकिरी वडी (कापणारी), मग दुसऱ्या स्वच्छ बफवर पांढरी (चमकवणारी). एकच बफ दोन्हींना वापरला, तर जाड कण पांढऱ्यातही येतात आणि सगळं काम मागे जातं. स्पोकच्या फटीत मशीन जात नाही, तिथे मेटल पॉलिशची पेस्ट आणि जुना सुती बनियन. शेवटी कंपाउंडचा चिकट थर निघत नसेल, तर चिमूटभर मैदा टाकून मऊ कापडानं पुसा. परदेशात ट्रकची चाकं पॉलिश करणारेही पीठ वापरतात.

बफ नेहमी कडेच्या बाहेरच्या दिशेनं फिरेल असा धरा. उलट धरलात तर बफ कडेत अडकतो आणि ड्रिल हातातून झटका मारतं. सैल शर्ट, ओढणी, गळ्यातली चेन, फडकं हे सगळं दूर.

आणि एक गोष्ट कृपया कधीच करू नका. बाइक सेंटर स्टँडवर लावून, गिअरमध्ये टाकून, फिरत्या मागच्या चाकाला फडकं धरायचं नाही. फडकं चेन आणि स्प्रॉकेटमध्ये जातं, आणि त्यामागे बोट जातं. चाक नेहमी हातानं फिरवा.

आरशासारखं का होत नाही?

रील बघून अपेक्षा वाढलेल्या असतात, म्हणून हे सांगतो. कास्ट चाकातलं सिलिकॉन राखाडी आणि टणक असतं, आणि ओतताना आत सूक्ष्म छिद्रं राहतात. घासल्यावर ती उघडी पडतात. त्यामुळे कास्ट चाकाला थोडी करडी झाक आणि टाचणीच्या टोकाएवढे ठिपके राहणारच. आरशाची चमक फोर्ज्ड चाकाला शोभते. ठिपके घालवायला आणखी खोल घासलंत, तर खाली नवे ठिपके निघतात आणि धातू तेवढा कमी होतो.

टप्पा ७: चमक टिकवणं

ॲल्युमिनियम उघडं पडलं की लगेच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर येतो. तो पारदर्शक आणि उपयोगी असतो, खालच्या धातूला वाचवतो. त्रास होतो तो ओलावा, क्षार आणि ब्रेकची लोखंडी धूळ यांमुळे. घरात आई कुकरमध्ये पाण्यात लिंबाची साल का टाकते? बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यानं ॲल्युमिनियम काळं पडतं आणि लिंबाच्या आम्लानं ते थांबतं. चाकाबाबतही तेच होतं: टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यानं धुऊन तसंच उन्हात वाळू दिलं तर डाग पडतात. धुतल्यावर लगेच पुसा. चाकाला लिंबू मात्र लावू नका, कापलेल्या जागी आम्ल साठून खड्डे पडतात.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या हिशोबानं पर्याय निवडा:

• वॅक्स किंवा सीलंट: सगळ्यात सोपं, स्वस्त आणि खरी चमक. पण पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावावं लागतं. रविवारच्या गाडीसाठी उत्तम.

• क्लिअर कोट: रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी हेच योग्य. पण आरशासारख्या गुळगुळीत धातूवर कोट नीट धरत नाही. म्हणून ६०० किंवा ८०० वर थांबा, साटन फिनिश ठेवा आणि मग कोट मारा. दोन भाग मिसळायच्या कोटमध्ये आयसोसायनेट असतात. ते काम पेंटरच्या बूथमध्येच करून घ्या.

• पावडर कोटिंग: सगळ्यात टिकाऊ. भट्टीत साधारण १८०-२०० अंशांना थोडा वेळ भाजतात. वेळ आणि तापमान पाळणारा माणूस निवडा. तेच चाक पुन्हा पुन्हा भाजून घेऊ नका.

कोटला एखादा टवका उडाला, तर खाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पसरतात. तो गंज कोटच्या आत फिरत असतो. वरून पॉलिश लावून तो जात नाही, तेवढा भाग उघडून पुन्हा करावा लागतो.

टप्पा ८: परत बसवणं

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवा टाका आणि बॅलन्सिंग करून घ्या. हबला टेकणाऱ्या भागावर रंग किंवा वॅक्स नको. तो थर दबला की नट सैल होतो. नट समोरासमोर, ताऱ्याच्या क्रमानं आवळा. कारला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. ८०-१०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. हवा भरल्यावर कडेला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा.

तुम्हाला पडणारे प्रश्न

मोठ्या साइजचं रेसिंग व्हील लावलं तर चालेल का?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते स्पष्ट केलं. कंपनीनं तुमच्या मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटला जी साइज दिली आहे, तिच्या आतच राहा.

वाकलेलं चाक ठोकून सरळ करतात, ते बरं का?
कडेचा थोडा वाक योग्य मशीनवर निघू शकतो, पण नंतर डाय पेनिट्रंट चाचणी कराच. गॅसनं तापवून हातोडीनं ठोकलेलं चाक वापरू नका.

मशीन नाही, नुसत्या हातानं होईल का?
होईल. साटन फिनिश हातानं छान येतं. फक्त वेळ दुप्पट धरा.

पहिल्यांदा कोणतं चाक घेऊ?
कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मोडीत पडलेलं एखादं चाक मागून आणा. त्यावर एक स्पोक पूर्ण करून बघा. हात बसला की मग स्वतःच्या गाडीचं काढा.

शेवटी एकच हिशोब लक्षात ठेवा. पॉलिश फसलं, तर फार तर एक रविवार आणि थोडे पेपर वाया जातात. तपासणी फसली, तर खंबाटकीच्या उतारावर मागे बसलेल्या माणसाचाही जीव त्या चाकावर असतो. म्हणून सगळ्यात जास्त वेळ टॉर्च आणि खडूला द्या, मग वॉटर पेपरला, आणि उरलेला चमकेला.